अमेरिकन स्पोर्ट बाईक: पहिली जमते, तिसरी का जमत नाही?

प्रश्न असा आला आहे: हार्ले, इंडियन, बुएल अशा अमेरिकन कंपन्यांना जपानी आणि युरोपियन गाड्यांच्या तोडीची स्पोर्ट बाईक बनवता येईल का, की ते त्यांच्या रक्तातच नाही? त्याला जोडून पुरवणी प्रश्न आहे की आपल्या हीरोनं बुएलमध्ये पैसे घातले होते, त्याचं नेमकं काय झालं.

माझं काम दुचाकीच्या चासीचं. फ्रेम, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात), सस्पेन्शन यांची मापं ठरवायची आणि मग ट्रॅकवर ती खरी उतरतात का ते बघायचं, यातच पुण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या नजरेतून उत्तर देतो. अमेरिकनांना स्पोर्ट बाईक बनवता येते, त्यांनी ती बनवलेलीही आहे. तीच गाडी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा नव्यानं करत राहणं मात्र त्यांना आजवर जमलेलं नाही. आणि सुपरबाईक, म्हणजे शर्यतीत उतरणारी सर्वांत ताकदवान स्पोर्ट बाईक, पहिल्या खेपेला सहसा जिंकत नाही. ती जिंकते तिसऱ्या-चौथ्या आवृत्तीत, आधीच्या चुका धुऊन निघाल्यावर. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

रक्ताची गोष्ट आधी निकालात काढू. १९७८ ते १९९३ या सोळा हंगामांत ५०० सीसीचं, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या वर्गाचं, जागतिक अजिंक्यपद तेरा वेळा अमेरिकन रायडरनं जिंकलं. केनी रॉबर्ट्स सलग तीनदा, फ्रेडी स्पेन्सर दोनदा, एडी लॉसन चारदा, वेन रेनी सलग तीनदा आणि शेवटी केव्हिन श्वान्ट्झ. मातीच्या ओव्हल ट्रॅकवर शिकलेलं मागचं चाक घसरवत वळण काढायचं तंत्र या मंडळींनी डांबरावर आणलं आणि बाकी जगानं ते त्यांच्याकडून उचललं. गाड्या मात्र यामाहा, होंडा आणि सुझुकी. तीच गत ट्यूनिंगची. कॅलिफोर्नियातल्या वर्कशॉपमध्ये जपानी इंजिनांमधून ताकद काढणारे आणि चासी बसवणारे लोक चाळीस वर्षांपूर्वीही जगात पहिल्या रांगेत होते, आजही आहेत. म्हणजे रायडर आहेत, ट्यूनर आहेत, इंजिनिअर तर आहेतच.

"अमेरिकेत रस्ते सरळसोट, तिथं वळणाची गाडी कोण घेणार" हेही नेहमी ऐकू येतं. ते मला पटत नाही. नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसीच्या सीमेवर टेल ऑफ द ड्रॅगन नावाचा रस्ता आहे, ११ मैलांत ३१८ वळणं. लॉस एंजेलिसच्या डोक्यावर एंजेलिस क्रेस्ट हायवे आहे. सुझुकी जीएसएक्स-आर (तिकडे तिलाच जिक्सर म्हणतात) आणि यामाहा आर१ यांना अमेरिकेत वर्षानुवर्षं मोठं गिऱ्हाईक मिळालं. मागणी होती, ती दुसऱ्यांनी भागवली.

मग हार्लेनं कधी प्रयत्नच केला नाही का? केला, आणि एकदा जिंकलीसुद्धा. हा भाग फार लोकांना माहीत नसतो. १९६० मध्ये हार्लेनं इटलीतल्या वारेसे इथल्या एअरमाकी कंपनीच्या मोटरसायकल विभागात निम्मा हिस्सा घेतला आणि पुढे पूर्ण ताबा मिळवला. त्या कारखान्यातल्या टू-स्ट्रोक ट्विनवर वॉल्टर विलानं १९७४, १९७५ आणि १९७६ असं तीनदा २५० सीसीचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं, शिवाय १९७६ मध्ये ३५० सीसीचंही. टाकीवर नाव हार्ले-डेव्हिडसन. चार जागतिक अजिंक्यपदं हातात असताना १९७८ मध्ये हार्लेनं तो कारखाना विकून टाकला. घेणारे होते कास्टिलियोनी बंधू. त्यांनी तिथे काजिवा उभी केली, १९८५ मध्ये डुकाटी विकत घेतली आणि त्यांच्याच काळात १९९४ ची डुकाटी ९१६ जन्माला आली.

नेमक्या त्याच वर्षी, १९९४ मध्ये, फ्लोरिडातल्या डेटोनाला हार्लेची व्हीआर१००० ही सुपरबाईक पहिल्यांदा शर्यतीत उतरली. या दोन गाड्या शेजारी ठेवून पाहाव्यात असं मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. व्हीआर१००० कागदावर अजिबात मागासलेली नव्हती. ६० अंशांची व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर), लिक्विड कूलिंग, डबल ओव्हरहेड कॅम, फ्युएल इंजेक्शन, अॅल्युमिनियमची फ्रेम. शर्यतीच्या नियमासाठी ५० गाड्या रस्त्यावर चालण्याजोग्या बनवायच्या होत्या, त्यांची मंजुरी पोलंडमध्ये मिळवली गेली. रायडरही साधेसुधे नव्हते. मिगेल ड्युहॅमेल, डग चँडलर, ख्रिस कार, पास्काल पिकॉट, स्कॉट रसेल. १९९६ मध्ये पोमोनाला कारनं पोल पोझिशन घेतली. पुढे काही पोडियमही आले. पण २००१ मध्ये कार्यक्रम गुंडाळला तोवर अमेरिकेच्या सुपरबाईक मालिकेत तिच्या खात्यावर एकही विजय नव्हता.

गाडीवर काम १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं होतं. कागदावर आधुनिक असलेलं डिझाईन ट्रॅकवर येईपर्यंत पाच-सहा वर्षं गेली आणि ट्रॅकवर आल्यानंतरची आठ वर्षं मूळ गाडी तीच राहिली. डुकाटीचं काय चाललं होतं? ८५१, मग ८८८, मग ९१६, मग ९९६, मग ९९८. एकाच चार-व्हॉल्व्ह इंजिनाची पाच रूपं, आणि प्रत्येक रूप लोकांना विकलं जात होतं. विक्रीचा पैसा पुढच्या इंजिनात, शर्यतीतला धडा पुढच्या चासीत. ९१६ ही मुळात तिसरी आवृत्ती होती, पहिली नव्हे. व्हीआर१००० पहिलीच होती आणि पहिलीच राहिली. लोकांना घेता येईल अशी तिची स्पोर्ट बाईक कधी निघालीच नाही. त्या अनुभवातून पुढे पोर्शेच्या मदतीनं व्ही-रॉडचं रेव्होल्यूशन इंजिन आलं, म्हणजे रेसिंगचं ज्ञान क्रूझरमध्ये गेलं.

आता एरिक बुएल. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. हार्लेतला इंजिनिअर, स्वतः रेसर. १९८३ मध्ये त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. पहिली गाडी आरडब्ल्यू७५० ही चार सिलिंडरची टू-स्ट्रोक रेस बाईक, आणि ती हाताशी येते न येते तोच ज्या फॉर्म्युला वन वर्गासाठी ती बनवली तो वर्गच बंद झाला. मग त्यानं हार्लेची उरलेली एक्सआर१००० इंजिनं घेऊन आरआर१००० बनवली. १९९३ मध्ये हार्लेनं त्याच्या कंपनीत ४९ टक्के हिस्सा घेतला, १९९८ मध्ये बहुतांश आणि पुढे सगळाच. पैसा आला, विक्रीचं जाळं आलं. सोबत हार्लेच्या स्पोर्टस्टर गाडीचं जुन्या धाटणीचं इंजिनही आलं, आणि घोडं तिथेच अडलं.

यावर गप्पा पुष्कळ होतात, हिशोब कुणी मांडत नाही, म्हणून मांडतो. बुएलची एक्सबी१२आर घ्या. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ९६.८ मिमी, १२०३ सीसी, ६,८०० आरपीएमला १०३ हॉर्सपॉवर. क्रँकच्या एका फेरीत पिस्टन स्ट्रोकच्या दुप्पट अंतर कापतो. तेव्हा ६,८०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साधारण २१.९ मीटर. आता २००९ ची बीएमडब्ल्यू एस१०००आरआर घ्या. बोअर ८० मिमी, स्ट्रोक ४९.७ मिमी, ९९९ सीसी, १३,००० आरपीएमला १९३ हॉर्सपॉवर. पिस्टनचा वेग २१.५ मीटर. बघा, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांच्यावरचा ताण या मापानं दोन्हीकडे सारखाच आहे. बुएलचं इंजिन आळशी नाही, ते आपल्या मर्यादेला पोचलेलं आहे. पण फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं, त्यामुळे बुएल मिनिटाला जास्तीत जास्त ४,१०० लिटरच्या आसपास हवा घेणार आणि बीएमडब्ल्यू ६,५०० लिटर. उरलेला फरक चार व्हॉल्व्ह, जास्त कॉम्प्रेशन आणि पाण्याच्या कूलिंगचा. लांब स्ट्रोकचं, दोन व्हॉल्व्हचं, हवेनं थंड होणारं इंजिन कितीही घासूनपुसून घेतलं तरी हा हिशोब बदलत नाही.

दुसरी अडचण माझ्या खात्यातली. ४५ अंशांची व्ही-ट्विन, मागचं सिलिंडर सीटकडे कललेलं, क्रँकच्या मागे गिअरबॉक्स. इंजिन लांब होतं. व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, तर लांबवायचा नाही, मग स्विंगआर्म आखूड करावा लागतो. १९९८ च्या यामाहा आर१ नं नेमकं हेच सोडवलं होतं. गिअरबॉक्सच्या शाफ्ट मागेपुढे न ठेवता एकावर एक रचल्या, इंजिन आखडलं, आणि १,३९५ मिमी व्हीलबेसमध्ये लांब स्विंगआर्म बसला. लांब स्विंगआर्ममुळे मागचं चाक वरखाली होताना चेनच्या ओढीचा कोन कमी बदलतो, वळणातून थ्रॉटल उघडताना गाडी काय करणार याचा रायडरला अंदाज येतो. त्या एका निर्णयानंतर जवळजवळ सगळ्यांनी तीच वाट धरली.

बुएलच्या हातात इंजिन बदलायची मुभा नव्हती. म्हणून त्यानं बाकी सगळं बदललं, आणि त्यातला विचार आजही बघण्यासारखा आहे. पेट्रोल फ्रेमच्या पोकळ दांड्यांत, इंजिन ऑईल स्विंगआर्मच्या पोटात, सायलेन्सर इंजिनाखाली. वजन सगळं मधोमध आणि खाली. एक्सबीचा व्हीलबेस १,३२० मिमी आणि रेक, म्हणजे पुढच्या काट्याचा कल, २१ अंश. ही मापं २५० सीसीच्या रेस बाईकच्या जवळची आहेत.

विस्कॉन्सिनमध्ये नोकरीला असलेल्या माझ्या एका मित्राकडे एक्सबी१२आर होती. टायर बदलायच्या निमित्तानं तिचं पुढचं चाक काढलं. हातात घेतल्याबरोबर हलकं लागलं. नेहमीच्या चाकात डिस्क हबला असते, ब्रेकचा सगळा पीळ हबमधून स्पोकमार्गे रिमपर्यंत जातो आणि तो सोसायला स्पोक जाड ठेवावे लागतात. इथे ३७५ मिमीची एकच डिस्क थेट रिमच्या आतल्या कडेला बोल्टनं जोडलेली. ब्रेकचा जोर डिस्ककडून सरळ रिमला. स्पोकला फक्त गाडीचं वजन पेलायचं, म्हणून ते बारीक. एक डिस्क आणि एक कॅलिपर कमी. स्पोकवरून बोट फिरवताना कळतं की इथे कुणीतरी कोऱ्या कागदापासून विचार केलाय. चासीवाल्या माणसाला हे पाहून आनंद होतो.

मग हा ब्रेक सगळ्यांनी का नाही उचलला? माझं मत सांगतो. रस्त्यावर तो उत्तम होता. सुपरबाईकच्या शर्यतीत एकाच डिस्कवर पडणारी उष्णता सांभाळणं कठीण, ते एक. त्याहून मोठं कारण असं की नेहमीच्या दोन डिस्कच्या ब्रेकवर ब्रेंबो, निस्सिन या ब्रेक कंपन्या आणि डझनभर रेस टीम दरवर्षी काम करत होत्या. नवे पॅड, नवी डिस्क, नवा मास्टर सिलिंडर. रिमवरच्या डिस्कवर काम करणारी एकच छोटी कंपनी होती, ईस्ट ट्रॉय नावाच्या गावातली बुएल. वेगळ्या वाटेनं जाणाऱ्याला पुढच्या आवृत्त्यांचा सगळा खर्च एकट्यानं करावा लागतो.

२००७ मध्ये अखेर बुएलला हवं ते इंजिन मिळालं. १,१२५ सीसीचं, ७२ अंशांचं, पाण्यानं थंड होणारं, १४६ हॉर्सपॉवरचं, ऑस्ट्रियातल्या रोटॅक्सनं बनवलेलं. ११२५आर ही खऱ्या अर्थानं त्यांची पहिली आधुनिक स्पोर्ट बाईक. पहिल्या खेपेच्या गाड्या कमी आरपीएमला झटके देतात अशी तक्रार होती, पुढच्या खेपेत ती बरीच निवळली. २००९ मध्ये डॅनी एस्लिकनं तिच्यावर अमेरिकेचं डेटोना स्पोर्टबाईक अजिंक्यपद जिंकलं. त्या वर्गात समोर ६०० सीसीच्या जपानी गाड्या होत्या, त्यामुळे नियमांवरून वाद झाला आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. तरीही पूर्ण हंगाम टिकणं, दर शर्यतीत गाडी धावती ठेवणं, हे त्या इंजिनाला आणि चासीला जमलं.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला हार्लेनं बुएल बंद करत असल्याचं जाहीर केलं.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे "त्यांना येत नव्हतं" हा गैरसमज जाईल. २००८ च्या ऑगस्टमध्ये हार्लेनं एमव्ही अगुस्ता ही इटलीची स्पोर्ट बाईक कंपनी सुमारे १०.९ कोटी डॉलरना विकत घेतली. पुढच्याच महिन्यात लेमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक कोसळली आणि जगभर मंदी आली. हार्लेचा मोठा धंदा गाड्यांवर कर्ज देण्याचा, त्याला जबर फटका बसला. २००९ च्या फेब्रुवारीत त्यांनी वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेकडून ३० कोटी डॉलर १५ टक्के व्याजानं उचलले. १५ टक्क्यांनी पैसे उचलणारी कंपनी आधी काय कापणार? जे मूळ धंद्यात बसत नाही ते. बुएल बंद झाली. एमव्ही २०१० मध्ये नाममात्र किमतीला परत कास्टिलियोनींच्याच हाती गेली. १९७८ मध्ये वारेसेचा कारखाना ज्यांना विकला, त्याच घराण्याला. दोन्ही वेळा हार्लेच्या हातात स्पोर्ट बाईकचं ज्ञान होतं आणि दोन्ही वेळा ते सोडून दिलं गेलं.

आता हीरोचा प्रश्न. बंद पडल्यावर एरिक बुएलनं एरिक बुएल रेसिंग, म्हणजे ईबीआर, काढली. त्याच रोटॅक्स इंजिनाचं बोअर १०३ वरून १०६ मिमी केलं, ११९०आरएस आणली, मग ११९०आरएक्स, १८५ हॉर्सपॉवरची. हीरो ही कंपनी तेव्हा होंडापासून वेगळी होऊन फार दिवस झाले नव्हते आणि तिला स्वतःचं संशोधन उभं करायचं होतं. २०१२ मध्ये दोघांचा करार झाला, २०१३ मध्ये हीरोनं अडीच कोटी डॉलरमध्ये ४९.२ टक्के हिस्सा घेतला. २०१४ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत एचएक्स२५०आर दाखवली गेली, आणि ती बाजारात आली असती तर आपल्याकडे केटीएमच्या आरसी३९० समोर एक चांगली हलकी गाडी उभी राहिली असती.

चूक माझ्या मते जागतिक सुपरबाईकमध्ये उतरण्याच्या वेळेत होती. २०१४ मध्ये जेफ मे आणि आरन येट्स हे दोन रायडर घेऊन हीरो ईबीआर टीम थेट तिथे गेली. समोर कावासाकी, एप्रिलिया, डुकाटी, होंडा, ज्यांच्यामागे कारखान्याची चाचणी टीम आणि इलेक्ट्रॉनिक्सची वर्षानुवर्षांची पुंजी. एक-दोन गुण मिळवतानाही ईबीआरची दमछाक झाली. अजून डीलर उभे राहायचे होते, गाड्या विकल्या जायच्या होत्या, आणि पैसा शर्यतीत जळत होता. २०१५ च्या एप्रिलमध्ये ईबीआरनं हात टेकले आणि मालमत्ता रिसिव्हरच्या, म्हणजे देणी भागवायला नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात गेली. ११९० चं डिझाईन पुढे हातोहात फिरलं आणि आज मिशिगनमधून बुएल याच नावानं थोड्या थोड्या संख्येनं गाड्या बनतात. मूळ इंजिन मात्र २००७ चंच.

हीरोच्या लोकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांना शिकायचं होतं आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. पण याच काळात चाकणला काय घडत होतं ते पाहा. बजाज २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेऊन शिरली. २०१२ मध्ये ड्यूक २००, मग ३९०, मग आरसी. या भागीदारीची सुरुवात छोट्या गाडीपासून झाली, ती मोठ्या संख्येनं बनली, आणि त्या पैशावर ऑस्ट्रियात रेसिंग उभं राहिलं. २०१७ मध्ये मोटोजीपीत उतरले, २०२० मध्ये ब्रनोला ब्रॅड बाइंडरनं पहिली शर्यत जिंकली. आणि आणखी एक. अमेरिकेतल्या शर्यती भरवणाऱ्या मोटोअमेरिकानं २०१५ मध्ये कोवळ्या रायडरांसाठी जी मालिका सुरू केली ती केटीएम आरसी कप. म्हणजे अमेरिकेची पुढची पिढी जिच्यावर शर्यत शिकली ती आरसी३९० चाकणच्या प्लान्टमध्ये बनणारी. हार्लेकडे त्या मुलांना द्यायला काहीच नव्हतं. बुएलची ब्लास्ट ही ४९२ सीसीची एक सिलिंडरची गाडी होती, तीही शिकाऊ रायडरांसाठीची, आणि तीही २००९ मध्ये गेली.

मी या छोट्या गाडीला इतकं महत्त्व देतो त्याचं कारण भावनिक नाही. सुपरबाईक स्वतःच्या विक्रीवर सहसा जगत नाही. तिचा खर्च खालच्या गाड्या काढतात. होंडा-यामाहाकडे सव्वाशेपासून हजार सीसीपर्यंत पायऱ्या आहेत. ज्या इंजिनिअरनं ३०० सीसीच्या गाडीचा सिलिंडर हेड केला, तोच पाच वर्षांनी ६०० वर आणि दहा वर्षांनी हजारवर काम करतो. पुरवठादाराचंही तसंच. हार्लेच्या शिडीला खालच्या पायऱ्याच नव्हत्या. २०२३ ची एक्स४४० हीरोनं राजस्थानात नीमराण्याला बनवायला घेतली, पण ती वेगळ्या स्वभावाची गाडी आहे.

"पण बीएमडब्ल्यूनं तर एकदम करून दाखवलं" असं कुणी म्हणेल. बरोबर, आणि तेच उदाहरण माझ्या बाजूनं सर्वांत जड आहे. २००९ च्या आधी बीएमडब्ल्यूची ओळख लांब पल्ल्याच्या, शाफ्ट ड्राइव्हच्या, पन्नाशीतल्या माणसाच्या गाड्यांची. त्यांच्याबद्दलही लोक हेच म्हणत. त्यांनी जपानी मांडणी जशीच्या तशी स्वीकारली. आडवी चार सिलिंडर, चेन, अॅल्युमिनियमची फ्रेम. वेगळेपणाचा हट्ट धरला नाही, फक्त प्रत्येक भाग नेमका केला. गाडी पहिल्याच वर्षी रस्त्यावर सर्वांत ताकदवान ठरली. आणि जागतिक सुपरबाईकमध्ये? पहिला विजय २०१२ मध्ये, डोनिंग्टनला मार्को मेलांद्रीचा. अजिंक्यपद २०२४ मध्ये, टोप्राक राझगातलिओलूचं. पंधरा वर्षं. मध्ये २०१३ नंतर कारखान्याची टीम बंदही झाली होती, पण गाडी थांबली नाही. २०१२, २०१५, २०१९, मग एम१०००आरआर. संचालक बदलले, मंदी आली, पुढची आवृत्ती येत राहिली.

मग आजच्या अमेरिकेकडे काय आहे? वाटतं त्यापेक्षा बरंच. २०२१ च्या पॅन अमेरिकातलं रेव्होल्यूशन मॅक्स १२५० हे इंजिन मी बारकाईनं पाहिलं आहे. ६० अंशांची ट्विन, १,२५२ सीसी, १०५ बाय ७२ मिमी, १५० हॉर्सपॉवर, व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग. क्रँकपिन ३० अंशांनी सरकवून ९० अंशांच्या व्ही-ट्विनसारखी फायरिंग मिळवली आहे. इंजिन हाच चासीचा कणा, फ्रेमचे तुकडे त्याला बोल्टनं जोडलेले. स्पोर्ट बाईकला हवी तीच ही रचना. पण व्हॉल्व्ह क्लिअरन्स आपोआप सांभाळणारी हायड्रॉलिक यंत्रणा आणि ७२ मिमीचा स्ट्रोक पाहता ते साडेनऊ हजारांच्या पलीकडे न्यायचं तर हेड नव्यानं करावा लागेल. ते काम मोठं आहे, अशक्य मुळीच नाही.

याच इंजिनाच्या ९७५ सीसीच्या भावंडावर ब्राँक्स नावाची स्ट्रीटफायटर, म्हणजे फेअरिंग नसलेली स्पोर्ट बाईक, २०१९ च्या मिलानच्या प्रदर्शनात उभी होती. २०२० मध्ये नवे प्रमुख आले, नवी योजना आली, ब्राँक्स यादीतून गेली. पुन्हा तेच.

विजेच्या गाड्यांत तर अमेरिकन काही काळ सरळ पुढे होते. पोर्टलंडच्या मायकल सिझ यांच्या मोटोसिझनं आयल ऑफ मॅन बेटावरची टीटी झीरो ही विजेच्या गाड्यांची शर्यत २०१० ते २०१३ सलग चार वर्षं जिंकली. २०१२ मध्ये मायकल रटरनं तिच्यावर सरासरी ताशी १०० मैलांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियाच्या लाइटनिंगनं २०१३ मध्ये पाइक्स पीकच्या चढाईत पेट्रोलच्या सगळ्या मोटरसायकलींना मागे टाकलं. छोट्या छोट्या टीम, विलक्षण काम. त्यांच्यामागे दहा वर्षं उभं राहणारं भांडवल नव्हतं. २०१६ मध्ये सिझ यांचं निधन झालं आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

मला सध्या सर्वांत आशेची जागा वाटते ती अनेकांना पटणार नाही: किंग ऑफ द बॅगर्स. मागे पेट्या लावलेल्या, २८० किलोंच्या घरातल्या हार्ले आणि इंडियनच्या शर्यती. २०२० मध्ये लगुना सेकाला एका शर्यतीनं सुरुवात झाली, ती टायलर ओ'हारानं इंडियन चॅलेंजरवर जिंकली. २०२१ चं अजिंक्यपद हार्लेच्या काइल वायमनचं. तेव्हापासून दोन्ही कंपन्या एकमेकींच्या मागे हात धुऊन लागल्या आहेत. गाड्या आकारानं अवाढव्य, पण माझं लक्ष असतं ते कामाच्या पद्धतीवर. व्हीआर१००० नंतर पहिल्यांदाच मिलवॉकीतले, म्हणजे हार्लेचे, इंजिनिअर काही आठवड्यांच्या अंतरानं तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्यासमोर लॅप टाइम मोजतात, स्विंगआर्म बदलतात, डेटा वाचतात, पुढच्या फेरीला नवा भाग आणतात. एका वर्षात चार-पाच आवृत्त्या. हीच सवय त्यांच्यात नव्हती. त्या टीममध्ये आज तिशीत असलेली मुलं उद्या ठरवणाऱ्या खुर्चीत बसतील.

माझ्या हातात असतं तर हजार सीसीच्या सुपरबाईककडे मी आत्ता वळलोच नसतो. तिथे यामाहानंही युरोपात रस्त्यासाठीची आर१ थांबवून फक्त ट्रॅकची ठेवली आहे, ग्राहक आटतोय. मधल्या वजनाच्या ट्विनचा वर्ग मात्र भरभरून वाढतोय. एप्रिलिया आरएस६६०, यामाहा आर७, आणि सुपरस्पोर्टच्या नव्या नियमांत डुकाटीची पानिगाले व्ही२ सुद्धा. हार्लेच्या ९७५ च्या इंजिनाला नवा हेड, आखूड स्ट्रोक, १२० च्या आसपास हॉर्सपॉवर, १८५ ते १९० किलो वजन, ब्रेक आणि सस्पेन्शन बाजारात मिळणारंच. चासीत एकच हट्ट: स्विंगआर्म शक्य तेवढा लांब. मोटोअमेरिकाच्या शर्यतींत पहिली दोन वर्षं खाजगी टीमना गाड्या स्वस्तात द्यायच्या, मोडू द्यायच्या, मोडलेले भाग परत मागवून कापून बघायचे. दुसऱ्या आवृत्तीचं बजेट पहिली गाडी बाजारात यायच्या आधी मंजूर असलं पाहिजे, आणि तिसरीचं डिझाईन दुसरी शर्यतीत उतरेल त्या दिवशी सुरू झालं पाहिजे. तेव्हा उद्या अशी एखादी गाडी जाहीर झाली, तर तिच्या हॉर्सपॉवरचा आकडा मी नंतर बघेन. आधी बघेन की कंपनीनं तिच्यासाठी रेस किट, म्हणजे शर्यतीसाठीच्या भागांचा संच, काढलंय का, आणि चार वर्षांनंतरच्या मॉडेलबद्दल कुणी जबाबदार माणूस काही बोलतोय का.